झाडातली देवता आणि झाडाखालचे बुद्ध



विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा माझ्या मनात एका लहान मुलीचा प्रश्न घोळत होता. लेणी पाहायला आपण सहली काढतो. अशाच एका सहलीत, अजिंठ्याच्या एका लेण्याच्या दारापाशी उभे असताना, तिने चौकटीच्या वरच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले आणि विचारले, "काका, आपल्यात देव्या नसतात ना? मग ही झाडाखाली उभी असलेली बाई कोण?"

कुणी म्हणाले, नंतर कुणीतरी कोरली असेल. कुणी म्हणाले, असेल एखादी राणी. दोन्ही उत्तरे चुकीची होती. ती बाई पहिल्यापासून तिथेच आहे आणि ती राणीही नाही. अभ्यासक तिला यक्षिणी, वृक्षिका किंवा शालभंजिका म्हणतात. ती मकरावर उभी असेल तर तिच्यात नदीदेवतेचाही अंश असतो. मूळ कल्पना मात्र झाडात राहणाऱ्या देवतेची. पोरीला मी म्हणालो, "घरी गेल्यावर सांगतो." हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली ती मुलगी. तथागतांनी सृष्टिकर्ता ईश्वर मानला नाही, बाबासाहेबांनी आपल्याला देवदेवतांच्या कचाट्यातून सोडवले. मग बुद्धाच्या दारात यक्षिणी कशी?

पिंपळावरचा मुंजा

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. तिन्हीसांजेला पिंपळाखाली जाऊ नको, वर मुंजा बसलाय, हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी ऐकले असेल! मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत. खरे तर ज्यांच्या घरात कधी कुणाची मुंजच झाली नाही त्या आपल्या आज्या-पणज्याही या मुंजाला भीत होत्या! चिंचेवर हडळ, विहिरीत आणि डोहात साती आसरा, गावाच्या शिवेवर वेताळ. आसरा हा शब्द अप्सरेवरून आला. पाण्याकाठी सात दगड मांडून त्यांना शेंदूर लावतात, हळदकुंकू वाहतात.

याच भीतीची दुसरी बाजू म्हणजे देवराई. मावळ, मुळशी, वेल्हे, जुन्नर, भोर या आपल्याच जिल्ह्यातल्या तालुक्यांत अशा राया आहेत. देवाच्या नावाने राखलेले रान. तिथली वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, उचलली तर देव कोपतो. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला आणि आजूबाजूचे जंगल संपले तरी या रायांत जुनी झाडे टिकून राहिल्याचे दाखवून दिले. म्हणजे भीती वाईट खरी, पण त्या भीतीने झाडे वाचवली, हेही तेवढेच खरे.

ग्रीकांच्या वनदेवता

ही समजूत फक्त आपल्याकडचीच आहे असे समजू नका. युरोपातल्या ज्ञानाचे माहेरघर म्हणून ज्या ग्रीस देशाचे नाव घेतात, तिथले लोकही झाडात देवता पाहत होते. त्यांना ते निम्फ म्हणत. डोंगरातल्या त्या ओरिआड, झऱ्यातल्या नायाड आणि झाडातल्या ड्रायाड. ओक या वृक्षाला ग्रीक भाषेत 'ड्रुस' म्हणतात, त्यावरून ड्रायाड. नायाड म्हणजे जणू त्यांच्या साती आसरा! रानात शेळीचे पाय आणि शिंगे असलेला पॅन नावाचा देव फिरे. एकट्या वाटसरूला तो अचानक घाबरवी. इंग्रजीतला पॅनिक हा शब्द त्याच्याच नावावरून आला.

ड्रायाडमध्ये एक प्रकार होता हामाड्रायाड, म्हणजे झाडाच्या सोबतीची. झाड उगवले की ती जन्मते, झाड वाळले की तिचाही प्राण जातो. ग्रीकांच्या एका प्राचीन स्तोत्रात अशा वनदेवतांचे वर्णन येते. त्या माणसासारख्या चटकन मरत नाहीत, पण देवांसारख्या अमरही नाहीत. झाड जितके जगेल तितक्या त्या जगतात.

त्यांच्याकडची एरिसिक्थॉन नावाच्या माणसाची गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढे तिचे काम आहे. ग्रीक कवी कॅलिमाकस याने ती सांगितली आणि नंतर रोमन कवी ओव्हिड याने ती आणखी रंगवली. धान्याच्या देवीच्या राईत एक प्रचंड ओक होता. एरिसिक्थॉनने त्यावर कुऱ्हाड चालवली. बुंध्यातून रक्त वाहिले, आतून मरणाऱ्या वनदेवतेचा आवाज आला, तरी तो थांबला नाही. देवीने त्याला शिक्षा दिली ती भुकेची. तो खात सुटला. घरदार विकून खाल्ले, पोटची पोरगी विकली, शेवटी स्वतःचेच अंग चावून खाल्ले आणि मेला.

गोष्ट भयंकर आहे आणि तिचा अर्थही उघड आहे. झाड तोडलेस तर देवी सूड घेईल. आपल्या देवराईचा नियमही हाच.

यवन आपल्या लेण्यांत

आता कुणी म्हणेल, ग्रीकांचे आणि आपले काय नाते? नाते आहे, आणि ते आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या दगडात कोरलेले आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात गेलात तर खांबांवरचे लेख बघा. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे हे लेख आहेत. त्यांतले अनेक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले आहेत. एका दात्याचे नाव सिंहध्य, दुसऱ्याचे धम्म. जुन्नरच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढी म्हणजे टाकी दान दिली, चित नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी दार दिले. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरचे १७ नंबरचे लेणे उत्तरेकडच्या दत्तामित्री गावच्या धम्मदेव यवनाचा मुलगा इंद्राग्निदत्त याने सर्व बुद्धांच्या पूजेसाठी कोरवले.

यवन हा शब्द मूळचा ग्रीकांसाठी. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तो लावू लागले, म्हणून यातला प्रत्येक दाता अस्सल ग्रीक होता असे म्हणता येत नाही. त्यांची बरीच नावेही इथलीच झाली होती. पण ज्यांच्या वाडवडिलांच्या मुलखात झाडात देवता राहत होत्या, तशा घराण्यांतली माणसे इथे येऊन संघाला खांब आणि टाकी देत होती, एवढे यातून निश्चित दिसते. त्यांना दारावरची झाडाखालची बाई परकी वाटली नसणार.

यक्षिणीचा प्रवास

ही यक्षिणी बौद्ध शिल्पात आली ती फार लवकर. मध्य प्रदेशातल्या भारहुत येथे इ.स.पू. दुसऱ्या शतकात स्तूपाभोवती दगडी कठडा उभारला गेला. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तो १८७३ साली उजेडात आणला आणि त्याचे अवशेष आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहेत. त्यावर चंदा यक्षी, चुलकोका देवता अशी नावे कोरलेल्या स्त्रिया आहेत. एका हाताने वरची फांदी धरलेली, एका पायाने बुंध्याला विळखा घातलेला. सांचीच्या पूर्व तोरणावर तीच बाई फांदीला लोंबकळते. श्रावस्तीला शालवृक्ष फुलला की लोक रानात जाऊन फुले तोडत आणि सण साजरा करत, त्याला शालभंजिका म्हणत. हेच नाव पुढे मूर्तीला मिळाले. आणि एक गोष्ट लक्षात घ्या. लुंबिनी वनात शालवृक्षाची फांदी धरून उभी असलेली महामाया आपण चित्रात पाहतो. तिची उभी राहण्याची तऱ्हा हीच आहे.

महाराष्ट्राचाही यात मोठा वाटा आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरचे दान राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे आहे. भोगवर्धन म्हणजे आपल्या जालना जिल्ह्यातले भोकरदन. तिथल्या दात्यांची नावे भारहुत आणि सांची या दोन्ही ठिकाणी आहेत. कन्नड तालुक्यातल्या पितळखोऱ्याला डोक्यावर वाडगे धरलेल्या, हसऱ्या, ठेंगण्या यक्षाची मूर्ती मिळाली. ती सध्या दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या यक्षाच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव आहे, कान्हदास सोनार. राजाचे नाव नाही, कारागिराचे आहे, हे विशेष.

सगळ्यात नवल म्हणजे इटलीतली गोष्ट. इ.स. ७९ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत पॉम्पेई शहर गाडले गेले. तिथे खोदकाम चालू असताना १९३८ साली सुमारे वीतभर उंचीची एक हस्तिदंती बाई सापडली. अंगावर दागिने, पाटल्या-तोडे, सगळे भारतीय वळणाचे. आधी तिला लक्ष्मी म्हणत, पुढे बऱ्याच अभ्यासकांनी यक्षिणी ठरवली. तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या, म्हणून ती महाराष्ट्रातच घडली असावी असे काही संशोधकांचे मत आहे. म्हणजे यवन इकडे येऊन खांब दान देत होते, तेव्हा आपली यक्षिणी जहाजात बसून तिकडे चालली होती!

आळवीचे झाड

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तथागतांनी या झाडातल्या देवतांचे काय केले?

त्यांनी लोकांच्या डोक्यातले झाड एका घावात तोडले नाही. त्यांनी काय केले ते विनयपिटकातली एक गोष्ट सांगते. आळवी येथे भिक्खू विहाराची डागडुजी करत होते. एका भिक्खूने झाडावर कुऱ्हाड उचलली. झाडातली देवता म्हणाली, "भन्ते, स्वतःचे घर बांधायला माझे घर मोडू नका." भिक्खूने ऐकले नाही. घाव बसला तो तिच्या लेकराच्या हातावर. देवतेला संताप आला. याला इथेच मारून टाकावे, असे तिच्या मनात आले. पण ती थांबली. हे योग्य होणार नाही, भगवंतांनाच सांगू, असा विचार करून ती बुद्धांकडे गेली. तथागतांनी तिला शाबासकी दिली. मारले नाहीस हे फार चांगले केलेस, नाहीतर मोठे पाप पदरी पडले असते, असे सांगून त्यांनी तिला दुसरे रिकामे झाड दाखवले. गावातले लोकही कुरकुरत होते, की हे श्रमण झाडासारख्या एकेंद्रिय जीवाला इजा करतात. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंची कानउघाडणी करून नियम घालून दिला की भिक्खूने उगवते झाडझुडूप तोडू नये. पाचित्तिय नियमांतला हा ११ वा नियम. धम्मपदातली राग आवरण्याविषयीची २२२ वी गाथाही अट्ठकथेने याच प्रसंगाशी जोडली आहे.

आता ग्रीकांची गोष्ट आणि ही गोष्ट शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीकडे झाड आहे, कुऱ्हाड आहे, झाडातली दुखावलेली देवता आहे. तिकडे देवी सूड घेते. इकडे देवता राग गिळते आणि नियम घातला जातो तो माणसाला. झाड वाचते ते शापाच्या धाकाने नाही, शीलाने. माझ्या मते साऱ्या विषयाचे सार इथे आहे.

करणीय मेत्त सुत्ताची गोष्टही अशीच. अट्ठकथा सांगते की वर्षावासाला रानात गेलेल्या भिक्खूंना वृक्षदेवतांनी भेसूर रूपे आणि आवाज दाखवून घाबरवले. भिक्खू पळून बुद्धांकडे आले. तथागतांनी त्यांना मंत्र-तंत्र, ताईत, अंगारा काही दिला नाही. मैत्री शिकवली आणि त्याच रानात परत पाठवले. भूत पळवून लावण्याऐवजी भुताशी मैत्री! अजिंठ्याच्या २ नंबरच्या लेण्यात हारिती आहे. ती मूळची लहान मुले खाणारी यक्षिणी. तिचेच एक लेकरू लपवून बुद्धांनी तिला दुसऱ्या आयांचे दुःख समजावले, तेव्हापासून ती मुलांची राखणदार झाली. लेण्यांच्या दारावर यक्ष-यक्षिणी आहेत त्या अशा राखणदार म्हणून. त्या चौकटीवर उभ्या आहेत, आत बुद्ध आहेत. त्यांना आपण शरण जात नाही. भयाने डोंगर, रान आणि झाडाला शरण जाऊन दुःखातून सुटका होत नाही, हे धम्मपदाने स्पष्ट सांगितलेलेच आहे.

राजा मिलिंदाचा प्रश्न

पण झाड खरेच बोलते का? हा प्रश्न पालीतल्या मिलिंदपञ्ह या ग्रंथात एका ग्रीक राजानेच विचारला आहे. मिलिंद म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या शतकातला राजा मिनँडर, सागल म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या सियालकोटचा. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत उभ्या केलेल्या महाविद्यालयाला याच जिज्ञासू राजाचे नाव आहे.

राजा भदन्त नागसेनांना कोंडीत पकडतो. एके ठिकाणी तथागत म्हणतात की झाडाला चेतना नाही, आणि दुसरीकडे तेच सांगतात की अमुक झाड भारद्वाजाशी बोलले. खरे काय? नागसेन म्हणतात, महाराज, धान्याने भरलेल्या गाडीला लोक धान्याची गाडी म्हणतात. गाडी काही धान्याची केलेली नसते, लाकडाचीच असते. तसे झाड बोलले ही लोकांची बोलण्याची रीत आहे. झाड बोलत नाही, त्यात राहणाऱ्या देवतेला लोक झाडाच्या नावाने ओळखतात, आणि तथागत लोकांना समजावताना लोकांचीच भाषा वापरतात.

ग्रंथाचा हा भाग नंतरच्या काळात रचला गेला असे अभ्यासक मानतात. तरी उत्तर मोलाचे आहे. नागसेनांनी देवता नाकारली नाही, तेवढी ती दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पण लोक ज्या शब्दाने बोलतात तो शब्द आणि प्रत्यक्ष वस्तू यांत फरक करायला त्यांनी राजाला शिकवले. पुढचे पाऊल बाबासाहेबांनी टाकले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी स्पष्ट सांगितले की अलौकिक शक्तींवरची श्रद्धा म्हणजे धम्म नव्हे. तरीही त्याच ग्रंथात त्यांनी सुजातेची कथा ठेवली. वडाला नवस बोललेली सुजाता, झाडाखाली बसलेले गौतम आणि त्यांना पाहून झाडाचा देवच प्रकट झाला असे समजणारी दासी पुन्ना. बाबासाहेबांनी ही कथा का गाळली नाही? मला वाटते, तिच्यात सारा बदल एका ताटात वाढलेला आहे. खीर आणली होती झाडातल्या देवासाठी, ती पोचली झाडाखालच्या माणसाच्या हाती.

आपण आणि आपला बोधिवृक्ष

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या अंगणात आहे. ज्या पिंपळावर इतरांचा मुंजा बसतो, तोच पिंपळ आपला बोधिवृक्ष आहे. संघमित्रेने त्याची फांदी श्रीलंकेत अनुराधपूरला नेली आणि तो वृक्ष आजही उभा आहे. आपल्याला त्या झाडाखाली भीती वाटत नाही, वाटता कामा नये. पण अलीकडे एक गोष्ट मनाला टोचते. काही ठिकाणी आपलीच माणसे बोधिवृक्षाला दोरे बांधतात, परीक्षा पास व्हावी, लग्न जमावे, पोर व्हावे म्हणून फेऱ्या मारतात. म्हणजे मुंजा खाली उतरवला आणि त्याच फांदीवर नवस नेऊन बसवला! वंदन जरूर करा, पण कृतज्ञतेने करा. ज्याच्या सावलीत सम्यक संबोधी प्राप्त झाली त्या झाडापुढे मागण्यांची यादी वाचायची नसते.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. मुंजाची भीती गेली म्हणून झाडाची किंमतही जाते की काय? आपल्या वाघोलीत पूर्वी शेते होती. पुढे दगडखाणी आल्या, क्रशर आले, आता नगर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टोलेजंग सोसायट्या आहेत. २०२१ साली गाव महापालिकेत गेले. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्याप्रमाणे परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पण कायदा तेव्हाच कामाचा, जेव्हा कुणी विचारणारा असतो. आळवीच्या गावकऱ्यांनी भिक्खूंनासुद्धा विचारले, म्हणून नियम झाला. अंधश्रद्धा सोडलेल्या माणसाने झाडही सोडले, तर देवराईवाला आपल्यापेक्षा शहाणा ठरेल. त्याने निदान भीतीने का होईना, झाडे राखली.

म्हणून या वर्धापनदिनी एक विनंती. प्रत्येक घराने एक झाड लावावे असे मी म्हणणार नाही, ते दरवर्षी म्हटले जाते आणि उन्हाळ्यात रोप वाळते. लावलेले एक झाड तीन उन्हाळे जगवण्याची जबाबदारी घ्या. पोरांना वाटून द्या, पाण्याची पाळी लावा. मुले त्या झाडाखाली अंधारातही निर्धास्त बसली पाहिजेत आणि त्याची फांदी उगाच मोडताना त्यांचा हात थांबला पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणे, हीच तथागतांची शिकवण.

आणि त्या मुलीला उत्तर? बाळा, ती बाई देवी नाही. फार जुन्या काळी माणसाला झाडाविषयी जे भय आणि जे प्रेम वाटत होते, ते तिच्या रूपाने दगडात कोरले आहे. बुद्धांनी त्यातले भय काढून घेतले आणि प्रेम दाराशी ठेवले. पुढच्या वेळी गेलीस की तिच्याकडे नीट बघ. ती फांदी तोडत नाहीये, धरून उभी आहे.

नमो बुद्धाय! जय भीम!